पिल्लाचं लिव्हर चरबीने पिवळं, पण फॅटी ॲसिड सिंथेज जवळपास शून्य: मोजणी चुकतेय की खरंच असं असतं?

साशंक_सिंथेज

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी कोंबडीच्या लिव्हरमध्ये चरबी बनवणाऱ्या एन्झाइम्सची ॲक्टिव्हिटी वयानुसार कशी बदलते ते बघायचं आहे. गट असे ठरलेत: उबवणीचा १४, १६, १८ आणि २०वा दिवस, नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू, मग १, २, ४, ७ आणि १० दिवसांची पिल्लं. एन्झाइम्स तीन: फॅटी ॲसिड सिंथेज (फॅटी ॲसिड जोडणारं), मॅलिक एन्झाइम (त्यासाठी लागणारं एनएडीपीएच पुरवणारं) आणि एटीपी-सायट्रेट लायेज (सायट्रेट तोडून ॲसिटाइल-कोएन्झाइम ए हा कच्चा माल देणारं). ०.२५ मोलर सुक्रोजमध्ये होमोजिनेट, १,००,००० जी वर एक तास, वरचा द्रव बर्फात, आणि ३४० नॅनोमीटरला रीडिंग.

जिथे अडलंय ते:

अंड्यातून बाहेर येताना लिव्हर पिवळंधमक असतं, सेंट्रिफ्यूज केल्यावर वर चरबीचा जाड थर येतो, आणि सिंथेज मात्र ब्लँकच्या, म्हणजे कोऱ्या रीडिंगच्या, जरासंच वर. चरबी आहे तर ती बनवणारं एन्झाइम कुठे गेलं?

१ आणि २ दिवसांच्या गटात एकाच वयाच्या दोन पिल्लांत कित्येक पटींचा फरक येतो.

एकच नमुना सकाळी आणि संध्याकाळी लावला तर संध्याकाळी सिंथेज निम्म्यावर आलेलं असतं. मॅलिक एन्झाइम मात्र तसंच.

आणि शेवटचं, आकडा कशाने भागायचा? लिव्हरच्या ग्रॅमने, प्रोटीनने की डीएनएने? दर वेळी आलेखाचा आकारच बदलतो.

---

मायक्रोसोम

पहिल्या प्रश्नापुरतं सांगते. आकडा बहुधा बरोबर आहे. लिव्हरमधली ती चरबी लिव्हरने बनवलेलीच नाही, ती बलकातून आयती आलेली आहे. एका अंड्याच्या बलकात साधारण ५ ते ६ ग्रॅम लिपिड असतं आणि शेवटच्या आठवड्यात ते झपाट्याने आत ओढलं जातं. गर्भाची ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा हे फॅटी ॲसिड जाळूनच निघते. इतकं आयतं मिळत असताना ग्लुकोजपासून नवं फॅटी ॲसिड बनवायची गरजच नसते. पिवळा रंगही बलकातल्या कॅरोटिनॉइडचाच.

खात्री हवी असेल तर त्या लिव्हरचा लिपिड अर्क टीएलसीवर (पातळ थरावरच्या क्रोमॅटोग्राफीवर) चालवा. हेक्सेन, डायइथाइल ईथर, ॲसेटिक ॲसिड ८०:२०:१. सर्वांत वर, फ्रंटच्या जवळ जाडजूड ठिपका दिसेल तो कोलेस्टेरिल एस्टरचा, मुख्यतः ओलिएटचा. त्याच्या खाली ट्रायग्लिसराइड. घरी बनवलेली चरबी साठली असती तर हे प्रमाण उलटं दिसलं असतं.

आता मुद्द्याचं. नवं फॅटी ॲसिड तयार करणं आणि मिळालेलं फॅटी ॲसिड ग्लिसरॉलवर बसवणं ही दोन वेगळी खाती आहेत. तुमची तिन्ही एन्झाइम्स पहिल्या खात्यातली, सायटोसोलमधली, म्हणजे पेशीतल्या द्रवातली. दुसरं खातं एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पडद्यावर: ग्लिसरॉल-फॉस्फेट ॲसिलट्रान्सफरेज, फॉस्फॅटिडेट फॉस्फोहायड्रोलेज, डायग्लिसराइड ॲसिलट्रान्सफरेज वगैरे. पहिलं खातं बंद असतानाही दुसरं जोरात चालू असू शकतं, आणि वाढीच्या काळात नेमकं तेच होतं. सर्वांत ठळक उदाहरण मोनोॲसिलग्लिसरॉल ॲसिलट्रान्सफरेजचं, म्हणजे मोनोग्लिसराइडवर आणखी एक फॅटी ॲसिड बसवणाऱ्या एन्झाइमचं. रोझलिंड कोलमन यांच्या गटाने १९८०च्या दशकात दाखवलं की दूध पिणाऱ्या उंदराच्या पिल्लाच्या लिव्हरमध्ये हे एन्झाइम प्रौढाच्या शेकडो पट असतं. प्रौढात ते जवळपास मावळतं. पुढे कोंबडीच्या गर्भात आणि शीतनिद्रेतल्या मार्मोटमध्येही ते वर गेलेलं आढळलं. तिन्हीकडे शरीर चरबीवर चाललेलं असतं. ज्या मोनोग्लिसराइडच्या मधल्या जागी बहुअसंतृप्त फॅटी ॲसिड आहे ते हे एन्झाइम जास्त पसंत करतं, त्यामुळे बाकीची चरबी जळताना आवश्यक फॅटी ॲसिड मागे राखून ठेवली जातात असा त्याचा अर्थ लावतात.

म्हणून प्रोजेक्टच्या शीर्षकात ‘चरबी बनवणारी एन्झाइम्स’ असेल तर पडद्यावरचं निदान एक एन्झाइम घ्याच, नाहीतर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. १,००,००० जी चा खालचा पेलेट तुम्ही टाकून देत असाल तर टाकू नका. आधी १०,००० जी वर मायटोकॉन्ड्रिया काढा, मगच हा पेलेट मायक्रोसोम म्हणायच्या लायकीचा होतो. सुक्रोज बफरमध्ये सैल करून छोट्या भागांत −८० अंशांना ठेवा, एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका.

हे मोनोॲसिलग्लिसरॉल ॲसिलट्रान्सफरेज मोजताना त्याच्या कच्च्या मालाचे दोन खड्डे. पामिटॉइल-कोएन्झाइम ए साबणासारखं वागतं, १०० मायक्रोमोलरच्या पुढे गेलात की पडदाच विरघळायला लागतो. २५ ते ५० मायक्रोमोलर आणि फॅटी ॲसिड काढलेला बोव्हाइन अल्ब्युमिन मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, एवढ्यात राहा. दुसरं, २-मोनोओलीन ठेवल्या ठेवल्या १-मोनोओलीन होत जातं आणि नमुन्यातलं लायपेज ते खातं. म्हणून कोलमन यांच्या पद्धतीत एस्टरऐवजी ईथर जोडणीचं मोनोओलेइल वापरतात, ॲसिटोनमध्ये विरघळवून. एस्टरच वापरायचं असेल तर त्याच दिवशी ताजं बनवा.

---

हॅचरीवाला

१-२ दिवसांच्या गटातल्या गोंधळाचं कारण बायोकेमिस्ट्रीत शोधू नका, ट्रेमध्ये शोधा.

एकाच दिवशी मशीनमध्ये लावलेली अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात २४ ते ३६ तासांचं अंतर सहज पडतं. तुम्ही ट्रे बाहेर काढला तो ‘शून्य दिवस’ धरला तर त्यात काही पिल्लं तासाभराची आणि काही दीड दिवसाची असणार. त्यात खाद्य कोणी कधी टिपायला सुरुवात केली याचा आणखी फरक. आणि ही एन्झाइम्स वयाकडे बघत नाहीत, खाद्याकडे बघतात. ॲलन गुडरिज यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी कोंबडीच्या पिल्लांवर केलेल्या कामाचा गाभा हाच आहे: पिष्टमय खाद्य पोटात गेलं की लिव्हरमधलं फॅटी ॲसिड बनणं आणि मॅलिक एन्झाइम कित्येक पटींनी चढतं. त्याच वयाचं पिल्लू उपाशी ठेवलं तर चढत नाही.

काय करायचं: फुटण्याच्या अपेक्षित वेळेपासून दर सहा तासांनी ट्रे उघडा, सुकलेली पिल्लं उचला, पायात रंगीत कडी घाला. प्रत्येक रंग म्हणजे एक सहा तासांची खिडकी. त्याहून जास्त वेळा उघडू नका, आर्द्रता पडते आणि उरलेली अंडी कवचातच चिकटतात. मग सगळ्यांना खाद्य एकाच वेळी द्या आणि तास तिथून मोजा. प्रत्येक वेळेला समांतर उपाशी गट ठेवा, पाणी चालू, खाद्य बंद, जास्तीत जास्त ४८ तास. पोटात उरलेल्या बलकावर पिल्लू तेवढं काढतं, एक दिवसाची पिल्लं दूरवर पाठवता येतात ती त्याच जोरावर. प्राणी समितीच्या अर्जात हा उपाशी गट स्पष्ट लिहा, नंतर घुसवता येत नाही.

नमुना घेताना गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपा. भरलेली असेल तर ओला भरडा मऊ गोळ्यासारखा हाताला लागतो, रिकामी असेल तर कातडी नुसती सरकते. भरलेली, अर्धी, रिकामी अशी नोंद प्रत्येक पिल्लासमोर करा. नुसती ही एक ओळ लिहिली तरी तुमच्या विखुरलेल्या ठिपक्यांचे दोन सरळ गट पडतील.

खाद्याचंही बघा. बाजारातल्या ब्रॉयलर स्टार्टरमध्ये वरून तेल घातलेलं असतं, आणि खाद्यातलं तेल हीच एन्झाइम्स दाबतं. मका-सोयाचा भरडा, तेल न घालता, स्वतः मिसळून घ्या आणि एकाच घाण्याचा सगळ्या गटांना पुरवा. मध्येच पोतं बदललं की ७व्या आणि १०व्या दिवसाच्या आकड्यांची तुलना संपली. उजेड २४ तास ठेवणार असाल तर ठेवा, पण कापायची वेळ रोज एकच.

---

क्युव्हेटकाका

सकाळ-संध्याकाळच्या फरकावर. हे सिंथेज थंडीला नाजूक आहे. दोन सारख्या साखळ्यांची जोडी म्हणजे चालू एन्झाइम. बर्फात, त्यातही कमी मीठ असलेल्या बफरमध्ये, जोडी सुटते आणि सुटी साखळी फॅटी ॲसिड बनवत नाही. तुमचं ०.२५ मोलर सुक्रोज म्हणजे आयनांच्या हिशेबाने जवळपास पाणीच. मॅलिक एन्झाइमला ही खोड नाही, म्हणून ते तसंच राहतं.

सुटलेली जोडी परत जुळते. वरचा द्रव असा बनवा की त्यात पोटॅशियम फॉस्फेट ०.५ मोलर, पीएच ७.०, आणि डीटीटी (प्रोटीनचं ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन) १० मिलिमोलर होईल. ३७ अंशांना ३० मिनिटं ठेवा, मग बर्फात परत न नेता खोलीच्या तापमानाला ठेवून तासाभरात मोजणी संपवा. प्रत्येक वयाचा प्रत्येक नमुना या पायरीतून गेलाच पाहिजे. नाहीतर काय होतं ते बघा: १४ दिवसांच्या गर्भाची लिव्हर चिमुकली, पाच-सहा एकत्र करावी लागतात, तोवर पहिली तासभर बर्फात पडून. १० दिवसांच्या पिल्लाचं एकच लिव्हर दहा मिनिटांत उरकतं. मग आलेखावर जी ‘वयानुसार वाढ’ दिसते तिच्यातला काही भाग बर्फाचा असतो.

मोजणीचं मिश्रण, १ मिलिलिटर क्युव्हेटसाठी: पोटॅशियम फॉस्फेट ०.१ मोलर पीएच ७.०, ईडीटीए १ मिलिमोलर, डीटीटी १ मिलिमोलर, एनएडीपीएच ०.१५ मिलिमोलर, ॲसिटाइल-कोएन्झाइम ए ३० मायक्रोमोलर, नमुना २० ते ५० मायक्रोलिटर. ३७ अंश. एनएडीपीएच बरोबर पडलं असेल तर नमुन्याशिवाय सुरुवातीचं रीडिंग ०.९३ च्या आसपास येतं. ०.७ दिसलं तर एनएडीपीएचचं द्रावण जुनं झालंय, फेकून द्या. आधी दोन-तीन मिनिटं मॅलोनिलशिवायचा उतार घ्या, मग मॅलोनिल-कोएन्झाइम ए १०० मायक्रोमोलर घालून परत उतार. दुसऱ्यातून पहिला वजा. गर्भाच्या नमुन्यात हा पहिला उतारच मोठा असतो, त्यामुळे एकच सामायिक ब्लँक सगळ्यांना लावणाऱ्याचा आकडा हमखास फसतो. ॲसिटाइल वाढवून वेग वाढेल असं समजू नका, ते मॅलोनिलच्याच दारात गर्दी करतं आणि वेग उलट पडतो.

हिशेब: मॅलोनिलशिवाय मिनिटाला ०.०३०, घातल्यावर ०.१५५. फरक ०.१२५. त्याला ६.२२ ने (एनएडीपीएचचा मिलिमोलर शोषण गुणांक) भागलं की ०.०२०१, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये मिनिटाला २० नॅनोमोल एनएडीपीएच संपलं. क्युव्हेटमध्ये १ मिलिग्रॅम प्रोटीन असेल तर हीच विशिष्ट ॲक्टिव्हिटी. पामिटेटमध्ये सांगायची तर १४ ने भागा, १.४ येईल. कुठल्या एककात लिहिलंय ते तक्त्यावर लिहा, १४ पटींचा घोळ छापील तक्त्यांतही सापडतो.

नमुना निम्मा केला की उतार निम्मा झालाच पाहिजे. एका वयाच्या एका तरी नमुन्यावर हे तपासा. निम्मा होत नसेल तर एकतर जोडी सुटलेली आहे किंवा नमुन्यातली चरबी आड येतेय. तो वरचा चरबीचा थर पिपेटने खरवडून काढू नका, तो खाली मिसळतो. नळीला बाजूने सुई टोचून खालचा स्वच्छ द्रव ओढा.

प्रोटीन लाउरीने मोजत असाल तर थांबवा, डीटीटी त्यात रंग देतं. ब्रॅडफर्ड वापरा.

लायेजबद्दल थोडक्यात: मॅलेट डिहायड्रोजनेज जोडून एनएडीएच संपताना बघतात. सगळं घालून ठेवा आणि सुरुवात एटीपीने करा. एटीपी घालण्याआधीचा उतार वजा केला नाही तर तुम्ही लायेज मोजत नाही आहात.

---

साशंक_सिंथेज

काका, मायक्रोसोमताई, हॅचरीवाले दादा, खूप आभार. फॉस्फेटची पायरी आणि रंगीत कड्या दोन्ही लगेच घेतो.

भागाकाराचा प्रश्न राहिला. आणि गाईड म्हणतात की उंदराच्या गर्भात सिंथेज भरपूर असतं, मग कोंबडीत उलटं कसं, हे लिही. बरोबर आहे का ते?

---

मायक्रोसोम

उंदराबद्दल गाईड बरोबर सांगतात. आणि त्यात विरोध नाही, फक्त शिधा वेगळा. उंदराच्या गर्भाला नाळेतून आईचं ग्लुकोज मिळतं, म्हणून शेवटच्या दिवसांत लिव्हर फॅटी ॲसिड बनवतं. जन्मलं की दूध, आणि उंदरीणीचं दूध चरबीने दाट, पिष्टमय भाग नावाला. सिंथेज आणि लायेज घसरतात आणि २१व्या दिवसाच्या आसपास दूध तुटून दाणा सुरू झाला की परत चढतात. पिल्लं १७-१८व्या दिवशीच पिष्टमय दाण्यावर घेतली तर चढही आधी येतो, चरबीयुक्त खाद्यावर तोडली तर दबलेलाच राहतो. कोंबडीच्या गर्भाला दुधाची पायरी बलकाच्या रूपाने अंड्यातच मिळते, इतकंच.

पण ‘सगळी एन्झाइम्स एकत्र वरखाली होतात’ असं लिहू नका. उंदराच्या गर्भात सिंथेज चांगलं असतं तेव्हा मॅलिक एन्झाइम जवळपास नसतं, ते दूध तुटतानाच खऱ्या अर्थाने उगवतं. तोवर एनएडीपीएच पेंटोज मार्गातून येतं. कोंबडीच्या लिव्हरमध्ये पेंटोज मार्ग कायमचाच कमजोर, मदार मॅलिक एन्झाइमवर. म्हणून तुमच्या तिघांत सर्वांत उंच उडी मॅलिकची दिसेल. प्रयोग उंदरावर करणाऱ्यांसाठी जाता जाता: पिल्लं १६-१७व्या दिवसापासून आईच्या दाण्याला तोंड लावतात. १८ दिवसांचा ‘दूधपिता’ गट घ्याल तर जठर उघडून बघा, पांढरं दही हवं, तपकिरी कण नकोत.

भागाकार. एकच भाजक निर्दोष नाही, म्हणून तीन तक्ते द्या: ग्रॅम लिव्हरमागे, सायटोसोलच्या मिलिग्रॅम प्रोटीनमागे, आणि पूर्ण लिव्हरमागे. पूर्ण लिव्हरचा आकडा पिल्लाच्या १०० ग्रॅम वजनावर आणला की शरीराला खरोखर किती क्षमता मिळाली ते कळतं. ग्रॅमचा भाजक चरबी आणि ग्लायकोजेनने फुगतो. प्रोटीनच्या भाजकात रक्तातलं हिमोग्लोबिन घुसतं. डीएनएचं म्हणाल तर कोंबडीत तो सर्वांत फसवा, कारण पक्ष्यांच्या लाल पेशींना केंद्रक असतं, लिव्हरमध्ये अडकलेलं रक्त थेट डीएनएत मोजलं जातं. उंदरात लाल पेशीची ही अडचण नाही, पण गर्भाचं लिव्हर तेव्हा रक्त बनवायचा कारखाना असतं, त्यामुळे डीएनए वेगळ्या वाटेने बिघडतो.

मोठ्या पिल्लांत पोर्टल शिरेतून थंड सलाइन सोडून लिव्हर फिकट होईपर्यंत धुवा. गर्भात नळी बसत नाही, तिथे तुकडे करून थंड सलाइनमध्ये दोन-तीनदा खळबळा आणि उरलेलं हिमोग्लोबिन ड्रॅबकिनच्या द्रावणाने ५४० नॅनोमीटरला मोजून प्रोटीनमधून वजा करा. हेही लक्षात असू द्या की भाजकाने दीडपट-दुप्पट फरक पडू शकतो, दहापट नाही. मॅलिक एन्झाइमची चढण कुठल्याही भाजकाने दिसली पाहिजे. एखादा बदल फक्त एकाच तक्त्यात दिसत असेल तर त्यावर निष्कर्ष लिहू नका.

---

रवंथ

मध्येच विचारतो. हेच उस्मानाबादी शेळीच्या करडांवर करता येईल का? कत्तलखान्यातून लिव्हर सहज मिळतं.

---

हॅचरीवाला

मिळेल, पण दाखवायला फारसं काही नसेल. रवंथ करणाऱ्या जनावरात फॅटी ॲसिड बनतं ते मुख्यतः चरबीच्या ऊतीत, तेही ॲसिटेटपासून, लिव्हरमध्ये फार थोडं. मोठ्या शेळीत लायेज आणि मॅलिक दोन्ही कमीच. डुकरातही काम चरबीच्या ऊतीतच चालतं. करडांवर करायचंच तर मूत्रपिंडाभोवतीची चरबी घ्या.

---

साशंक_सिंथेज

शेवटचं. ॲसिटाइल-कोएन्झाइम ए कार्बॉक्सिलेज चौथं म्हणून घालू का? वेग ठरवणारी पायरी तीच ना?

---

क्युव्हेटकाका

पायरी तीच, पण ॲक्टिव्हिटी मोजायला चौघांत सर्वांत त्रासदायक. पद्धत किरणोत्सारी बायकार्बोनेटची, म्हणजे एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांत बसणारी लॅब आणि चालू फ्यूम हूड लागतं. त्यात हे एन्झाइम फॉस्फेट चिकटला की मंदावतं, आणि लिव्हर कापून रक्तपुरवठा तुटला की काही सेकंदांत एएमपी-किनेज जागं होऊन फॉस्फेट चिकटवतं. द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या चिमट्याने लिव्हर जागीच दाबून गोठवलं नाही तर तुम्ही कापाकापीचा वेग मोजाल. बफरमध्ये सोडियम फ्लोराइड ५० मिलिमोलर आणि ईडीटीए हवंच. शिवाय गर्भाच्या आणि नवजात पिल्लाच्या अर्कात लांब साखळीचे ॲसिल-कोएन्झाइम ए भरपूर, तेही याला दाबतात, म्हणून मोजणीच्या आधी छोट्या जेल कॉलमवरून अर्क उतरवावा लागतो. १० मिलिमोलर सायट्रेटसोबत ३७ अंशांना अर्धा तास ठेवून एकूण क्षमता आणि सायट्रेटशिवाय प्रत्यक्ष अवस्था, असे दोन आकडे द्यावे लागतात.

प्रोजेक्टच्या मुदतीत प्रमाण तेवढं दाखवायचं तर सोपी वाट आहे. या एन्झाइमला बायोटिन हे जीवनसत्त्व जोडलेलं असतं, त्यामुळे ब्लॉटवर (जेलमधलं प्रोटीन उतरवलेल्या पडद्यावर) अँटीबॉडीशिवाय, बायोटिनला चिकटणाऱ्या नुसत्या स्ट्रेप्टॅव्हिडिन-पेरॉक्सिडेजने ते २६५ किलोडाल्टनच्या आसपास दिसतं. ६ टक्के जेल, ट्रान्सफर रात्रभर थंडीत, मेथेनॉल कमी. खाली १३० ला पायरुवेट कार्बॉक्सिलेज आणि ७५ च्या आसपास आणखी पट्टे दिसतील, घाबरू नका, तीही बायोटिनवालीच. ब्लॉट अडवायला दूध पावडर वापरू नका, दुधात बायोटिन असतं, अल्ब्युमिन वापरा. आणि तो १३० चा पट्टा लोडिंग कंट्रोल म्हणून धरायचा मोह होईल, तो टाळा. वाढीच्या याच काळात पायरुवेट कार्बॉक्सिलेज स्वतःच बदलत असतं. पॉन्सोने पूर्ण लेनचं प्रोटीन रंगवून त्याने भागा.